मोठ्या वर्तुळाची लेन्स

टेबलावर काळं कापड आणि त्यावर एक शिवराई. तांब्याचं, जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद नाणं. एका अंगाला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्र पति’, कडेने ठिपक्यांची माळ. नाण्याच्या बरोबर वर, खाली तोंड करून स्टँडला बांधलेला निकॉन झेड ६ आणि त्याला लावलेली मामिया-सेकोर मॅक्रो सी ८० मिमी एफ ४. ही लेन्स या कॅमेऱ्यासाठी घडलेलीच नाही. मामियाची एम ६४५ ही मिडियम फॉरमॅट मालिका १९७५ साली सुरू झाली, तिच्यासाठी ही जपानमध्ये बनली. १२० च्या फिल्मवरची ५६ × ४१.५ मिमीची चौकट भरणं हे तिचं मूळ काम. नाणी, कापड, बिया टिपताना माझा हात मात्र आधी हिच्याकडेच जातो. त्याची कारणं तिच्या एकेका अंगात आहेत.

सुरुवात जोडापासून करू. एम ६४५ मध्ये लेन्सच्या माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ६३.३ मिमी होतं. निकॉन झेडमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंत फक्त १६ मिमी आहे. उरलेले ४७.३ मिमी भरून काढायला मधे अ‍ॅडॅप्टर येतो. दोन कॅमेऱ्यांच्या अंतरांची वजाबाकी म्हणजे हा अ‍ॅडॅप्टर. त्यात काच नाही, तारा नाहीत, दोन्ही टोकांना खाचा असलेली धातूची पोकळ नळी आहे. फिरवताना शेवटी ‘टक्’ असा आवाज येतो आणि लेन्स जागेवर बसते. लेन्सने गोळा केलेला प्रकाश वाटेत कुणाचाही हात न लागता सेन्सरपर्यंत पोचतो. इतका साधा आणि इतका प्रामाणिक दुवा छायाचित्रणात क्वचित सापडतो.

आता त्या प्रकाशाचं वर्तुळ पाहा. लेन्स चित्र फेकते ते गोल. चौकट आपण त्यातून कापून घेतो. मामियाच्या चौकटीचा कर्ण जवळजवळ ७० मिमी, म्हणजे वर्तुळ निदान तेवढं हवं. माझ्या कॅमेऱ्याच्या फुलफ्रेम सेन्सरचा कर्ण ४३ मिमी. मूळ चौकटीच्या क्षेत्रफळाचा एक तृतीयांशाहून थोडाच जास्त भाग आपण वापरतो, आणि तोही मधला. पहिल्यांदा वाटतं, बाकीचा वाया गेला. पण कुठल्याही लेन्सच्या चित्राची कड हा तिचा सर्वांत दुबळा भाग असतो. कोपरे काळवंडतात, रेषा सैलावतात. इथे तो दुबळा भाग सेन्सरच्या बाहेरच पडतो. शिवराईच्या फोटोत काळ्या कापडाची वीण मधे जशी दिसते, तशीच चारही कोपऱ्यांत दिसते. दुधावरची साय तेवढी वाटीत काढून घ्यावी, तसं हे.

त्या बाहेर पडलेल्या प्रकाशाची एक खोडही आहे आणि ती ओळखायला डोळा लागतो. सेन्सरवर न पडलेला प्रकाश नळीच्या आतल्या भिंतींवर आपटतो आणि तिथून उडून चित्रावर हलकं धुकं धरतो. काळं कापड काळं न दिसता राखाडीकडे झुकलं, की समजावं. मी नळीच्या आत काळा मखमली कागद चिकटवला. दहा मिनिटांचं काम. पण त्यानंतरच्या पहिल्याच फोटोत कापडाचा काळा रंग असा गडद उतरला, की तांब्याचा लालसर तपकिरी आपोआप पुढे आला.

मॅक्रो लेन्सची खरी परीक्षा सपाट वस्तूवर होते. साध्या लेन्सचं फोकस जवळ गेल्यावर किंचित वाटीसारखं वळतं: मध्य नेमका, कडा मागे पडलेल्या. जवळून काम करायलाच घडवलेली लेन्स हे वळण सरळ करते. शिवराईवर हे लख्ख दिसतं. मधल्या ओळीतला ‘रा’ जितका धारदार, तितकाच कडेचा प्रत्येक ठिपका. ही नाणी हाताने पाडलेली, त्यामुळे ठसा पुष्कळदा सरकलेला; माळेतले दोन ठिपके अर्धे, तिसरा नाण्याच्या बाहेर. छापणाऱ्याचा हात किती सरकला, हे माळ सांगते. कड धूसर असती, तर ही गोष्ट आपल्याला कळलीच नसती.

मग अ‍ॅपर्चर. कॅमेऱ्याला या लेन्सशी बोलता येत नाही, आणि तेच बरं. लेन्सवर ए आणि एम असा छोटा खटका आहे. तो एमवर सरकवला, की कडं फिरवताच पाती तिथल्या तिथे मिटतात. जुन्या कॅमेऱ्यात यामुळे खिडकीत अंधार व्हायचा. मिररलेसचा व्ह्यूफाइंडर चित्र उजळून दाखवतो, त्यामुळे एफ ८ वर मिळणारी खोलीही फोटो काढण्याआधीच दिसते. एक हिशोब मात्र मनात ठेवावा लागतो. एकास एक आकारात, म्हणजे वस्तू जेवढी तेवढंच तिचं चित्र सेन्सरवर पाडताना, लेन्स ८० मिमीने पुढे सरकलेली असते आणि कड्यावरचा एफ ८ प्रत्यक्षात एफ १६ होतो. प्रकाशाचा बिंदू तेव्हा सुमारे २१ मायक्रॉनचा पसरतो. या सेन्सरचं एक पिक्सेल ६ मायक्रॉनचं. एफ २२ वर गेलात तर तोच बिंदू दहा पिक्सेल व्यापतो आणि सगळी धार विरघळते. एफ ८ वर खोली जेमतेम एक मिलिमीटर मिळते, पण शिवराईच्या अक्षरांचा उठाव तेवढ्यात बसतो. खोली आणि धार यांचं हे माप कड्याच्या एका टिचकीवर साधतं, तेव्हा हाताला फार समाधान वाटतं.

फोकसचं कडंही तसंच मुरलेलं. एकटी लेन्स अर्ध्या आकारापर्यंत जाते. पुढे जायचं, तर तिच्या जोडीला बनलेला स्पेसर मागे लावायचा, की एकास एक. त्यातही काच नाही. तेव्हा नाणं ते सेन्सर हे अंतर सुमारे ३२ सेंटिमीटर असतं आणि कडं केसभर फिरलं तरी चित्र बदलतं. मी स्क्रीनवर चित्र मोठं करतो आणि ‘शिव’मधल्या ‘व’च्या गोलाईवर थांबतो. तिथे वर्षानुवर्षांच्या हाताळणीने तांबं गुळगुळीत झालंय. आधी गोलाईचा माथा उजळतो, मग उतार, मग तळाशी साचलेला हिरवट गंज. नाण्याचे थर फोकसच्या कड्यावर असे एकेक उलगडत जातात.

नाण्यानंतर पैठणीचा पदर. नुसत्या डोळ्यांना जर ही सोनेरी रेघ दिसते. एकास एकवर कळतं, की ही कलाबतू आहे: रेशमाच्या गाभ्याभोवती धातूची चपटी पट्टी वेढे घेत गुंडाळलेली. जिथे पट्टीचे वेढे किंचित सुटलेत, तिथे आतलं रेशीम डोकावतं. एफ ४ वर चकाकत्या कडांना फोकसच्या पुढे जांभळट आणि मागे हिरवट छटा येते, जुन्या काचेची ती खूण. एफ ८ ला ती जवळपास मावळते. उरतं ते सोनं, आणि दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून विणकराने साधलेला सांधा. इतक्या जवळून पाहिल्यावर त्या हातांपुढे मान झुकते.

शेवटचा अलंकार त्या मोठ्या वर्तुळानेच दिलाय. अ‍ॅडॅप्टरच्या जागी लेन्स झुकवता येणारा अ‍ॅडॅप्टर लावा. ऑस्ट्रियाच्या सैन्यातले कॅप्टन थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी १९०४ च्या पेटंटात मांडलेला नियम असा, की सेन्सरची, लेन्सची आणि वस्तूची पातळी एकाच रेषेत मिळाली तर तिरकी वस्तूही पूर्ण नेमकी येते. एक चतुर्थांश आकारात लेन्स ८ अंश झुकवली, की फोकसची पातळी सुमारे ३५ अंश कलते. टेबलावर तिरका पसरलेला पदर मग जवळच्या मोरापासून दूरच्या काठापर्यंत अखंड स्पष्ट दिसतो. छोट्या वर्तुळाच्या लेन्सला एवढं झुकवलं, तर चौकटीचा कोपरा वर्तुळाबाहेर जाऊन काळा पडेल. वाया गेला वाटलेला भाग इथे पुरेपूर कामी येतो.

लग्नाचे फोटो १२० च्या फिल्मवर काढणारे स्टुडिओ आपल्या गावोगाव होते. त्यांच्या कपाटांत, घरातल्या ट्रंकांत अशा लेन्स अजून पडून असतील. एखादी असेल तर पावसाळ्याआधी बाहेर काढा, मागून टॉर्च मारून काचेवर बुरशीची जाळी धरली नाही ना ते पाहा, आणि सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मग एक पोकळ नळी आणा आणि घरातलं सर्वांत छोटं, सर्वांत जुनं काहीतरी लेन्ससमोर ठेवा.