घरचे वाचा-उपचार : मोबाइल कुणाला शिकवतो?

मूल तीन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, तेव्हा नातेवाईक ‘त्याचा काकाही उशिराच बोलला’ अशी समजूत घालतात. काही मुले उशिरा बोलूनही सावरतात, हे खरे. पण कोणते मूल सावरेल हे नुसती वाट पाहून कळत नाही आणि वाट पाहण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. उपचार सुरू झाले तरी तज्ज्ञाकडे आठवड्यातून एखादा तासच मिळतो. उरलेला सारा वेळ मूल घरीच असते. म्हणून आईवडिलांनाच तयार करावे, हा विचार पुढे आला. 2011 साली रॉबर्ट्स व कायझर यांनी अशा 18 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात शिकवून तयार केलेल्या पालकांच्या मुलांची भाषेची समज व बोलणे दोन्ही सुधारल्याचे दिसले.

आता ही तयारी मोबाइलवर करून देणारी साधने आली आहेत. 2020 च्या टाळेबंदीत उपचार केंद्रे बंद पडली, तेव्हापासून त्यांचा वापर वाढला. नागपूरच्या प्रतापनगरातील कुटुंबाला शहरातली मोठी रुग्णालये जवळ आहेत. गडचिरोलीच्या आतल्या गावातील आईला तसे नाही. मोबाइल मात्र दोघींच्या हातात असू शकतो. म्हणून या साधनांचे स्वागत व्हायलाच हवे. पण प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा असे आम्हांला वाटते : हे साधन नेमके कुणाला शिकवते?

पहिला प्रकार गुण देणाऱ्या साधनांचा. पडद्यावर चित्र येते, मूल शब्द उच्चारते आणि यंत्र ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगते. यात अडचण आहे ती भौतिकशास्त्राची. आपला स्वरमार्ग, म्हणजे स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची पोकळी, एका टोकाला बंद असलेल्या नळीसारखा असतो. प्रौढ पुरुषात ही नळी सुमारे 17.5 सेंटिमीटर लांब धरली, तर तिची पहिली अनुनाद वारंवारता सुमारे 500 हर्ट्झ येते. लहान मुलाची नळी 11 सेंटिमीटर धरली, तर हाच आकडा 800 हर्ट्झच्या आसपास जातो. त्यामुळे प्रौढांच्या आवाजांवर तयार केलेले यंत्र मुलांचे बोलणे ओळखताना अधिक चुकते. ज्याचे उच्चार मुळातच अस्पष्ट आहेत, त्या मुलाच्या बाबतीत ते आणखीच चुकते. म्हणजे ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याच वाट्याला खोटा ‘चूक’ शेरा येतो.

दुसरी अडचण भाषेची. इंग्रजीसाठी रचलेल्या साधनात ‘ळ’ आणि ‘ण’ यांना जागाच नसते. प्रमाण मराठीसाठी रचलेले साधन घेतले, तरी वऱ्हाडी बोलीत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो आणि ‘काळा’ हा ‘काया’. आजीकडून शिकलेला शब्द मुलाने तसाच म्हटला, तर त्यात दोष कोणता? बोली म्हणजे आजार नव्हे. हा फरक न ओळखणारे साधन मुलाबरोबर त्याच्या घरालाही नापास करते. आम्ही शिक्षकही वर्गात कधी कधी हेच करतो, म्हणून हे आधी आपल्या लक्षात यावे.

दुसरा प्रकार चित्रांतून बोलण्याच्या साधनांचा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये प्रा. रवी पूवय्या यांच्या चमूने ‘जेलो’ हे असे साधन घडवले. ते मोफत आहे आणि मराठीतही चालते. चित्र दाबले की बोल ऐकू येतो. ‘हवे’, ‘नको’, ‘आवडते’, ‘आवडत नाही’ अशा भावना त्याला जोडता येतात. याची मांडणी आम्हांला विशेष मोलाची वाटते, कारण मुलाला नाव सांगण्यापेक्षा नकार देण्याची गरज आधी पडते. ‘चित्रे दिली तर मूल बोलणारच नाही’ ही पालकांची भीती मात्र निराधार दिसते. 2006 च्या एका आढाव्यात, ज्यांच्यावरील प्रयोग काटेकोर होते अशा 27 व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे अशा साधनांमुळे घटले नव्हते. बहुतेकांचे थोडे वाढलेच होते.

याची मर्यादा वापरात आहे. मोबाइल मुलाच्या हाती देऊन मोठी माणसे बाजूला झाली, तर चित्रे हे एक खेळणे होते. आईने स्वतः ‘पाणी’चे चित्र दाबून, तोंडाने ‘पाणी हवं?’ असे विचारून वाट पाहिली, तरच मुलाला त्याचा उपयोग कळतो.

तिसरा प्रकार आम्हांला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो. गोव्यातील ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित कार्यकर्ते पालकांना भेटत, पालक व मूल यांच्या खेळाचे चित्रण करत आणि तेच चित्रण पालकांबरोबर बसून पाहत. मुलाने कुठे पाहिले, आईने कधी घाई केली, कुठे थांबल्यावर मूल पुढे आले, हे पालकांना स्वतःच्याच डोळ्यांनी दिसे. इथे कॅमेरा आरशाचे काम करतो आणि शिकणारा विद्यार्थी असतो पालक.

65 मुलांच्या या चाचणीत पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला आणि मुले स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. पण दोघांनी एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देण्याचा वेळ मात्र घटला. हा उलटा निष्कर्ष संशोधकांनी लपवला नाही, हे त्यांचे श्रेय. मुलांची संख्या लहान होती, हेही ध्यानात घ्यावे. आणखी एक गोष्ट विसरू नये : इथे चित्रणाइतकाच भेटीला येणारा माणूस महत्त्वाचा होता. कार्यकर्त्याचे मानधन वाचवून नुसते चित्रण पालकांकडे धाडले, तर हेच फळ मिळेल असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

पडद्याची एक किंमतही आहे. ऑस्ट्रेलियात 220 कुटुंबांच्या अभ्यासात (2024) तीन वर्षांच्या मुलांसाठी पडद्यापुढील प्रत्येक जादा मिनिटामागे मोठ्यांचे सुमारे 7 शब्द कमी कानी पडतात, असे आढळले. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरीही जे साधन बोलणे वाढवण्यासाठी आणले, तेच घरातले बोलणे खात नाही ना, हे पाहायलाच हवे.

आणि आईचे काय? स्वयंपाक, नोकरी, दुसरे मूल सांभाळून ती रात्री मोबाइल उघडते आणि तिथे ‘आजचे लक्ष्य अपूर्ण’ असे लाल अक्षरांत दिसते. उपचाराचा भार घरावर टाकताना अपयशाचा भारही तिच्यावर टाकणे आम्हांला अन्यायाचे वाटते. चांगले साधन आंघोळ, जेवण, भाजी निवडणे यांतच संवादाच्या जागा दाखवते. वेगळा तास मागत नाही.

शिक्षकांकडे पालक सल्ला मागायला येतात. त्यांना साधनाचे नाव सांगण्याआधी मुलाची श्रवणतपासणी झाली का, हे विचारावे. ऐकू कमी येत असेल तर कोणतेही साधन ते ओळखून देणार नाही. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील तपासणीतून पुढील तपासणीची वाट मिळते. मग साधन हाती असताना दहा मिनिटे मोजून पाहायला सांगावे : यंत्र किती वेळा बोलले, आई किती वेळा आणि मूल किती वेळा? कागदावर तीन रकाने आखले की पुरे. तिसरा रकाना आठवड्यागणिक भरत गेला, तर साधन ठेवावे. पहिलाच भरत राहिला, तर मोबाइल बाजूला ठेवून भाजी निवडायला बसावे.