‘सामना’ की ‘कोर्ट’? : एका पटकथेची निवड

स्वारगेटच्या एसटी स्टँडजवळ एका मित्राच्या क्लासची खोली आहे. रविवारी सकाळी ती रिकामी असते, म्हणून आमचा लिहिणाऱ्यांचा गट तिथे जमतो. आम्ही सहा जण. दोघं आयटीतले, एक शिक्षिका, एक कॉलेजातला मुलगा, एक अनुवाद करणारी मैत्रीण आणि एका नगरपालिकेच्या ड्रेनेज विभागातून निवृत्त झालेले काका. आत्तापर्यंत एकमेकांच्या कथा वाचायचो. मग ठरलं, की सगळ्यांनी मिळून एक पटकथा घ्यायची आणि सीनमागून सीन उलगडून पाहायची. कोणती घ्यायची, यावर तीन रविवार गेले.

पहिली अडचण कागदाची. अप्पा बळवंत चौकात नाटक मागितलं की दुकानदार ढीग काढून ठेवतो. पटकथा मागितली की तो विचारात पडतो. म्हणून ठरवलं, सिनेमा पाहून पटकथा आपणच उतरवायची. मला हे काम ओळखीचं आहे. चालू सॉफ्टवेअर समोर असतं, ते लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो, आणि त्यानं ते असंच का लिहिलं हे बाहेरून ताडावं लागतं.

माझं मत ‘सामना’ला होतं. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर; १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत असलेला सिनेमा. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव आणि कुठून तरी येऊन पडलेला दारुडा मास्तर. मारुती कांबळेचं काय झालं, एवढंच मास्तर विचारत राहतो. पटकथा शिकायला याहून सोपा सांगाडा कुठे मिळणार? प्रश्न एकच असतो, पण विचारणारा कुठे उभा आहे आणि ऐकणारा किती घाबरला आहे, यानुसार दर वेळी त्याचा अर्थ बदलतो.

दुसऱ्या रविवारी आम्ही त्यातला एक सीन उतरवून मोठ्यानं वाचला आणि घोटाळा लक्षात आला. कागद आमच्या हातात होता, पण ऐकू येत होते डॉ. लागू आणि निळू फुले. कॉलेजातल्या मुलानं तर हिंदुरावाचं वाक्य निळूभाऊंच्या आवाजातच म्हटलं, सगळे हसले, आणि लिखाणावर बोलणं राहूनच गेलं. वाक्य चांगलं लिहिलेलं आहे की चांगलं म्हटलेलं आहे, हे आम्हाला वेगळं करता येईना. आमच्यासारख्या शिकाऊंनी या पटकथेतून काय घेतलं असतं? टाळीची वाक्यं. ती आम्ही आधीच नको तेवढी लिहितो.

अनुवाद करणाऱ्या मैत्रिणीनं ‘कोर्ट’ सुचवला. चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा २०१४ साली व्हेनिसला गाजला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. इथेही एक कांबळे आहे. लोकशाहीर नारायण कांबळे. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये जीव दिला, असा त्याच्यावर आरोप आहे. मी विरोध केला. यात खटका कुठे आहे? तारीख पडते, आणि सिनेमा वकिलामागे सुपरमार्केटमध्ये जातो. पुन्हा तारीख पडते, सरकारी वकीलबाई लोकलनं घरी जातात, स्वयंपाक करतात. असं लिहायला शिकलो तर आमच्या कथा झोप आणतील, असं मी म्हणालो. हा धोका मला अजूनही वाटतो. शेवटी न्यायाधीश सहलीला जातात, झोपमोड केली म्हणून एका पोराच्या थोबाडीत मारतात. तिथे लेखक आपलं म्हणणं जरा जास्तच नेमकं आपल्या हातात ठेवतो, असंही माझं मत आहे.

पण काका एरवी फारसे बोलत नाहीत, ते बोलले. त्यांना मृत कामगाराच्या बायकोच्या साक्षीचा सीन आठवत होता. वकील साधे प्रश्न विचारतो, ती तुटक उत्तरं देते. नवरा आत उतरण्याआधी प्यायचा. एक डोळा गेलेला होता. झुरळ बाहेर आलं की आत हवा आहे, असं समजायचं. काका म्हणाले, “हे सगळं मला नोकरीत रोज माहीत होतं. माणूस आत उतरवायचा नाही, असा कायदा २०१३ साली झाला, तोही माहीत आहे. म्हणूनच मला हा सीन लिहिता आला नसता. मी भाषण लिहिलं असतं.”

माझा विरोध तिथे संपला. ‘सामना’तला मारुती कांबळे आपल्याला मुख्यतः इतरांच्या आठवणींतून भेटतो, त्याच्यावरून दोन बोलके पुरुष झुंजतात. ‘कोर्ट’मध्ये ज्या बाईचं सगळं गेलं, ती स्वतः साक्षीला उभी राहते, आणि तिला एकही मोठं वाक्य दिलेलं नाही. लेखकाला जे ठाऊक आहे ते पात्राच्या तोंडी कोंबायचं नाही, तिला विचारलं तेवढंच तिनं सांगायचं. ही भूमिका करणाऱ्या बाई व्यावसायिक अभिनेत्री नव्हेत, त्यामुळे ओळखीचा आवाजही आड येत नाही. लिखाण उघडं दिसतं.

तिसऱ्या रविवारी ‘कोर्ट’ ठरला. काम असं वाटून घेतलं, की प्रत्येकानं साक्षीचा सीन आधी आठवणीतून लिहायचा आणि मग पाहून. मी तो घरी लिहिला, दीड पान झालं. माझ्या पानावर ती बाई दोनदा रडते, वकील पाण्याचा ग्लास पुढे करतो, न्यायाधीश चष्मा काढतात. मग सिनेमा लावला. ती रडत नाही. चष्मा, ग्लास, काहीच नाही. प्रश्न संपतात आणि कोर्ट पुढच्या कामाला लागतं.

दोन्ही पानं या रविवारी नेणार आहे. आधी माझंच वाचायचं ठरलंय.