चॉकलेटची रसचर्चा

आमच्या पारनेरात वर्गात वाढदिवसाला जे वाटतात, त्या सगळ्याला चॉकलेटच म्हणतात. साखरेची रावळगावची गोळीसुद्धा त्यातच आली. तिच्यात कोको नसला तरी तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती आपली जात लपवत नाही.

तक्रार आहे ती तपकिरी वडीबद्दल. कोकोचे लोणी साधारण ३४ अंशांना, म्हणजे जिभेच्या उबेवर, वितळते. या पदार्थाची सारी खुमारी एवढ्यातच आहे. पण आमच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे सरकला की ती खुमारी दुकानातच विरघळते. रात्री वडी पुन्हा घट्ट होते, अंगावर पांढुरकी झाक येते आणि गिऱ्हाईक ‘शिळी’ म्हणून नाक मुरडते. शिळी कसली! आतली चरबी वर आलेली असते, इतकेच. चव बिघडली ती कारखान्यात नव्हे, फळीवर.

स्वस्त वडीचे उलटे. तिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती चरबी. ती उन्हाला दाद देत नाही, तशी जिभेलाही देत नाही. टाळूला मेणासारखी चिकटते. २०२४ साली कोको टनाला १२,००० डॉलरांवर गेला, तेव्हा कारखानदारांना या चरबीचा मोह किती पडला असेल!

माझे विद्यार्थी हीच चव अस्सल मानून वाढताहेत. एकाला खरी वडी दिली, तर म्हणाला, “सर, ही कडू लागते.”

फराळासोबत चॉकलेटचा डबा आणाल, तेव्हा पाठीमागचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचा. ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ हे शब्द तिथेच असतात.