रपट्यावर पाणी आहे का, हे कोण सांगणार?

नकाशाच्या अ‍ॅपांची तुलना करणारा कुठलाही लेख उघडा, साचा ठरलेला असतो. गूगल मॅप्सला इतके तारे, मॅपल्सला तितके, ऑफलाइन चालणाऱ्यांना उरलेसुरले. परीक्षा मोठ्या शहरात होते आणि प्रश्नही शहरी असतात: उड्डाणपुलावर चढायचं की खालून जायचं, पार्किंग कुठे, कोण पाच मिनिटं वाचवतं. हीच परीक्षा पारशिवनी तालुक्यात घेतली तर प्रश्नपत्रिकाच बदलते.

तालुका विचित्र आहे, म्हणून परीक्षेला उत्तम आहे. दक्षिणेला कन्हान, राष्ट्रीय महामार्ग आणि कोळशाच्या खाणी. उत्तरेला पेंचचं जंगल. मध्ये नवेगाव खैरीचं धरण, ज्याचं पाणी नागपूरच्या नळांना येतं. एकाच तालुक्यात महामार्ग, ट्रकांनी उखडलेले रस्ते, शेतातली पांदण आणि नेटवर्क सोडून देणारं रान. अ‍ॅपला काय माहीत आहे, हे सीताबर्डीतही कळतं. माहीत नसतं तेव्हा ते कसं वागतं, हे इथे कळतं. माझ्या मते खरी तुलना तिथेच करायला हवी.

आधी नावाचं बघू. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेल्या सिवनीच्या स्पेलिंगमध्ये 'व्ही'चा पत्ता नाही. पारशिवनीच्या जुन्या स्पेलिंगमध्येही नाही. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने जाहीर केलं, की मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावं आपोआप लिप्यंतरित होतील. सोय मोठी आहे, हे मान्य. पण यंत्रापुढे रोमन अक्षरं येतात, गावकऱ्याचा उच्चार येत नाही. मुळातलं स्पेलिंगच वाकडं असेल तर त्यातून निघणारी देवनागरी दुप्पट वाकडी होऊ शकते, आणि ती छापलेल्या पाटीसारखीच ठाम दिसते.

ओपनस्ट्रीटमॅपची रीत वेगळी. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा विकिपीडियासारखा लोकांनी भरलेला आहे. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑसमँड ही अ‍ॅपं त्याच्यावर चालतात. तिथे मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो. कुणी माणसाने 'पारशिवनी' असं भरलं तर ते तसंच राहतं. कुणीच भरलं नाही तर रकाना रिकामा. थोडक्यात, एकाला माहीत नसतं तेव्हा तो अंदाज ठोकतो. दुसऱ्याला माहीत नसतं तेव्हा तो गप्प बसतो. दोन्हींचा त्रास होतो, पण सारखा नाही.

नावात हा फरक चेष्टेवारी नेता येतो, रस्त्यात नाही. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात सर्व्हे ऑफ इंडियाची स्थलनिर्देशक शीट पाहिली असेल तर आठवा: पक्का रस्ता, कच्चा रस्ता, गाडीवाट, पायवाट, प्रत्येकाची रेघ वेगळी. पाण्याचा प्रवाह निळा, कोरडा नाला काळा. तलाठ्याकडच्या गावनकाशातही गाडीमार्गाला तुटक दुहेरी रेषा आणि पायमार्गाला तुटक एकेरी. हे नकाशे शिळे असतील, पण त्यांना एक गोष्ट येत होती. 'हा रस्ता आहे, पण जपून' हे रेघेतच सांगायची त्यांच्याकडे सोय होती.

अ‍ॅपच्या निळ्या रेघेला हे व्याकरण नाही. महामार्गावर ती जितकी जाड, पांदणीवरही तितकीच. रपटा उन्हाळ्यात रस्ता असतो आणि ऑगस्टमध्ये नदी असते. रेघ मात्र बाराही महिने निळीच.

याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक मोटार गेली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. वाट गूगल मॅप्सवर पाहिली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. पूल नकाशात होता. तो वर्षातले काही महिने बुडतो, ही गोष्ट मात्र गावाच्या डोक्यात होती, रेघेत नव्हती.

कंपन्या काहीच करत नाहीत असं नाही. १९९५ पासून भारतातले नकाशे बनवणाऱ्या मॅपमायइंडियाचं मॅपल्स खड्डे, गतिरोधक आणि धोक्याची वळणं दाखवतं. आपल्या रस्त्यांसाठी याहून नेमकी कल्पना दुसऱ्या कुणाला सुचलेली नाही. गूगलवर रस्ता बंद असल्याचं कळवता येतं. पण ही माहिती येते जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फोनांतून. कन्हानच्या चौकात फोनांचा पूर आहे. कोलितमाऱ्याच्या वाटेवर नाही. जिथे फोनच कमी धावतात, तिथे रस्ता मोकळा आहे की बंद, हे ओळखायला यंत्राकडे पुरेसा पुरावा नसतो. ऑर्गॅनिक मॅप्सला नेटवर्क लागत नाही, जंगलात हा मोठाच आधार. पण आज सकाळी पूल बुडाला हे त्याला नेटवर्कशिवाय कळणार तरी कसं?

मग चूक दुरुस्त कोण करणार? ज्याला माहीत आहे तो, म्हणजे तुम्ही. इथे तुलनेचा शेवटचा प्रश्न येतो: तुमची दुरुस्ती जाते कुठे? २००८ मध्ये गूगलने मॅप मेकर काढलं, लोकांकडून रस्ते आणि नावं भरून घेतली. २०१३ मध्ये भारतात त्यासाठी स्पर्धाही घेतली. त्यावर सर्व्हे ऑफ इंडियाने आक्षेप घेतला आणि प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं. मार्च २०१७ मध्ये मॅप मेकर बंद झालं. लोकांनी भरलेलं कंपनीच्या नकाशात राहिलं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरलेलं कुणालाही उचलता येतं: अ‍ॅपला, ग्रामपंचायतीला, कॉलेजच्या प्रकल्पाला. अट एवढीच, की श्रेय द्यायचं आणि त्या माहितीत केलेली भर तशीच खुली ठेवायची.

निकाल हवाच असेल तर असा. नागपूरला जाताना गूगल, कारण गर्दीचं ज्ञान त्याच्याइतकं कुणाकडे नाही. रात्री उखडलेल्या रस्त्यावर गाडी घालायची तर मॅपल्सही उघडून बघा. पेंचकडे निघताना नकाशा आधीच उतरवून घेतलेलं ऑर्गॅनिक मॅप्स. आणि पावसाळ्यात रपट्याअलीकडे थांबून टपरीवाल्याला विचारणं, याला अजून कुठल्याच अ‍ॅपने पर्याय दिलेला नाही.

त्या टपरीवाल्याचं ज्ञान नकाशात आणता मात्र येतं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्ता जिथे पाण्यातून जातो त्या जागेसाठी आणि पुरात बुडणाऱ्या रस्त्यासाठी वेगळी खूण नोंदवता येते. ती चालकाला दाखवायची की नाही, हे अ‍ॅप बनवणाऱ्याच्या हातात. तालुक्यातल्या कॉलेजच्या दहा पोरांनी मनावर घेतलं तर आपापल्या गावचे रपटे आणि गावांची खरी नावं एका रविवारात भरून होतील. मग कुठलं अ‍ॅप चांगलं हे ठरवायला सोपी कसोटी मिळेल: भरलेल्या खुणा वाचून कोण 'जपून' म्हणतं, आणि कोण तरीही निळी रेघ पाण्यात नेतं.