धडा इथेनॉलपाशीच का थांबतो?

बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात (भाग २) सूक्ष्मजीवशास्त्राचा धडा आहे. दही, ब्रेड, व्हिनेगर, प्रतिजैविकं, इंधनं... यादी भरगच्च आहे. माझी तक्रार एवढीच की ती यादीच राहते.

दक्षिण सोलापुरातल्या मंद्रूपच्या विद्यार्थ्याचंच घ्या. ऊस त्याच्या शिवारात आहे. धडा सांगतो, मळीचं यीस्टने किण्वन केलं की इथेनॉल मिळतं आणि ते स्वच्छ इंधन आहे. बरोबर. पण यीस्ट काही आपल्यासाठी इंधन बनवत नाही! ऑक्सिजनशिवाय साखरेतून ऊर्जा काढताना इथेनॉल हा त्याचा टाकाऊ पदार्थ. १८० ग्रॅम ग्लुकोजमागे फार तर ९२ ग्रॅम इथेनॉल. बाकी ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

शिवाय अल्कोहोल वाढलं की यीस्टच मंदावतं. त्यामुळे टाकीत बहुतांश पाणीच असतं. ऊर्ध्वपातनानंतर लिटरभर इथेनॉलमागे साधारण ८ ते १५ लिटर काळपट स्पेंटवॉश उरतो. तो तसाच ओढ्यात गेला, तर त्यावर वाढणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे मरतात. तोच बंद टाकीत दुसऱ्या सूक्ष्मजीवांना दिला, तर मिथेन मिळतो.

मिथेनही धड्यात आहे, इंधनांमध्येच. पण या दोघांचं नातं नाही सांगितलेलं. इथेनॉल स्वच्छ जळतं हे खरं. ते स्वच्छ बनतं का, हे मागे उरलेल्याचं आपण काय करतो यावर ठरतं. परीक्षेत सूक्ष्मजीव आणि उत्पादनाच्या जोड्या खुशाल विचारा. सोबत एक प्रश्न हवाच: 'उरलं काय, आणि ते गेलं कुठे?'