खनिजपूरके आणि कोंबडीच्या मांसाचा दर्जा

कोंबडीच्या खाद्यात खनिजे मिसळल्याने मांसाचा दर्जा सुधारतो, असे विधान या विषयावरील संशोधनात वारंवार आढळते. ते खोटे नव्हे. पण ‘दर्जा’ हा शब्द त्यात फार सैलपणे वापरला जातो. वजन किती वाढले व त्यास खाद्य किती लागले एवढेच मोजावयाचे, आणि निष्कर्षात मात्र मांसाचे गुण गावयाचे, हा प्रकार विरळा नाही.

सेलेनियमचे उदाहरण घ्यावे. श्वार्झ व फोल्ट्झ यांनी १९५७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून त्याची आवश्यकता दाखविली. १९७३ मध्ये ते ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा घटक असल्याचे सिद्ध झाले. हे विकर पेशींतील मेदाचे ऑक्सिडीभवन रोखण्यास साहाय्य करते. म्हणून साठविलेले मांस उशिरा खवट व्हावे, त्यातून पाणी कमी झिरपावे, ही अपेक्षा रास्त आहे. यीस्टमधील सेंद्रिय सेलेनियम सोडियम सेलेनाइटपेक्षा छातीच्या मांसात अधिक साठते, हेही खरे. परंतु हा लाभ शीतपेटीतला. रत्नागिरीत सकाळी कापलेली कोंबडी दुपारी वाटपात शिजते. तिच्यासाठी आठवडाभराच्या साठवणीतील झिरप मोजून काय साधले? निकष येथे परक्या बाजारपेठेवरून उचलला जातो, आणि पूरकाचा खर्च मात्र इथल्या पाळणाऱ्याच्या माथी बसतो.

उलट कॅल्शियम-फॉस्फरसचा प्रश्न आपल्या दारचा असून उपेक्षित आहे. खाडीकाठी कालवांचे व तिसऱ्यांचे शिंपले विपुल. त्यांचा चुरा म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. फॉस्फरस त्यात नाममात्र. मका व सोयाबीन पेंडीतील सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात बद्ध असतो, आणि कॅल्शियमचा अतिरेक त्याला अधिकच जखडतो. जस्तही त्यात अडकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये कोवळ्या ब्रॉयलर पिलांच्या खाद्यात कॅल्शियम १ टक्का व फायटेटेतर फॉस्फरस ०.४५ टक्के धरला आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीस मानवणारा चुरा मांसल पिलास सढळ हाताने दिल्यास हाड दुबळे होते. आणि हाडासकट तुकडे करणाऱ्या आपल्या स्वयंपाकात तो दोष ठिसूळ कपच्यांच्या रूपाने रश्श्यात उतरतो. सुक्या मासळीची भुकटी दोन्ही खनिजे पुरविते, पण ती अधिक झाल्यास मांसास मासळीचा वास येतो.

दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच जिल्ह्यात आहे. येथील पदव्युत्तर प्रबंधाच्या कोष्टकात हाडातील राखेचे प्रमाण, शिजविलेल्या मांसाचे चव-परीक्षण व पूरकाचा दर पक्षी खर्च हे स्तंभ नसतील, तर शीर्षकात ‘दर्जा’ हा शब्द येऊ देऊ नये.