संकरित भातातील जनुकीय विविधता आणि उत्पादन-गुण : संशोधनपद्धतीची एक चिकित्सा

प्रस्तावना

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही उल्हास नदीच्या खोऱ्यातील शहरे आज कारखाने व गृहसंकुले यांसाठी ओळखली जातात. तथापि अंबरनाथ तालुक्याच्या ग्रामीण भागात खरिपाचे मुख्य पीक भात हेच आहे. याच खोऱ्यात, बदलापूरच्या पुढे त्याच लोहमार्गावर, कर्जत येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९८९ मध्ये संकरित भाताचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला आणि १९९८ मध्ये कर्जतचा ‘सह्याद्री’ हा संकरित वाण प्रसारित झाला. या विषयावरील शोधनिबंधांचे निष्कर्ष येथील खाचरापर्यंत कितपत पोहोचू शकतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

आनुवंशिकतेच्या आकड्याचा अर्थ

अशा निबंधांचा साचा परिचित आहे. वीस-तीस वाण एका हंगामात, एकाच प्रक्षेत्रावर, तीन पुनरावृत्तींत लावले जातात. फुटव्यांची संख्या, लोंबीची लांबी, लोंबीतील भरलेले दाणे व हजार दाण्यांचे वजन मोजून विचलन गुणांक आणि आनुवंशिकता काढली जाते. अमुक गुण निवडीस उपयुक्त आहेत, असा निष्कर्ष मांडला जातो. यातील गणित बहुधा निर्दोष असते. आक्षेप आहे तो त्याच्या अर्थाविषयी. एका ठिकाणच्या, एका हंगामाच्या चाचणीत वाण आणि पर्यावरण यांची आंतरक्रिया वेगळी काढता येत नाही. ती जनुकीय फरकातच मिसळून जाते व आनुवंशिकता प्रत्यक्षाहून अधिक दिसते. शिवाय सरळ वाणांत आढळलेली विविधता संकराचे वर्तन सांगत नाही. त्यासाठी मातृ व पितृ वाणांची संयोगक्षमता स्वतंत्रपणे तपासावी लागते.

उत्पादन-गुणांच्या सहसंबंधाबाबतही सावधगिरी हवी. फुटवे वाढले की अनेकदा प्रत्येक लोंबीतील दाणे घटतात. म्हणून एकेका गुणाची सुटी निवड एकूण उत्पादन वाढवीलच, असे म्हणता येत नाही.

संकर ओज कोणाच्या तुलनेत?

संकर ओज तीन प्रकारे मोजतात : दोन्ही पालकांच्या सरासरीशी, सरस पालकाशी आणि प्रचलित प्रमाण वाणाशी तुलना करून. पहिल्या दोन तुलना प्रजननशास्त्रज्ञाला उपयोगी आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिसरीच निर्णायक ठरते. तीही समान मुदतीच्या वाणाशी व्हावयास हवी. माळाच्या हलक्या जमिनीत हळवा आणि सखल, पाणथळ खाचरात गरवा भात घेतला जातो. हळव्या वाणाशी गरव्या संकराची तुलना केल्यास मुदतीचा लाभ संकराच्या खात्यावर जमा होतो. संकराच्या दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात व काही झाडे वंध्यही निघतात. म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. हा खर्च वजा जाता काय उरते, हा प्रश्न पुष्कळ निबंधांत येतच नाही. धान्याची प्रतही अशीच दुर्लक्षित राहते. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला वाडा कोलम बाजारात मागितला जातो तो प्रतीसाठीच.

मातृ वाणाची एकवाक्यता

‘सह्याद्री’चा मातृ वाण आय. आर. ५८०२५ ए आणि पितृ वाण बी. आर. ८२७-३५ होय. सह्याद्री-२, ३ व ४ यांचे पितृ वाण वेगळे असले तरी मातृ वाण तोच आहे. त्याचे नरवंध्य कोशद्रव्य मुळात १९७० मध्ये चीनच्या हैनान बेटावर सापडलेल्या रानभाताकडून आले. अनेक संकर एकाच कोशद्रव्यावर उभे करण्यातील धोका अमेरिकेतील मक्याने त्याच वर्षी दाखवून दिला. तेथे ‘टी’ कोशद्रव्याच्या संकरांवर करप्याची मोठी साथ पसरली. भातातील या कोशद्रव्याशी असा रोगसंबंध सिद्ध झालेला नाही, हे नमूद केले पाहिजे. तरीही केवळ पितृ वाणांतील फरक मोजून ‘भरपूर विविधता आढळली’ असे म्हणणे अपुरे आहे.

निष्कर्ष

साधनांच्या मर्यादेमुळे महाविद्यालयीन संशोधन एका प्रक्षेत्रापुरते राहते, हे खरे. परंतु तीन महाविद्यालयांनी तोच वाणसंच किमान दोन हंगाम वेगवेगळ्या गावांत लावल्यास पर्यावरणाचा परिणाम वेगळा काढता येईल. स्थानिक वाणांचा नरवंध्य वाणाशी चाचणी संकर करून त्याचे परागकण आयोडीनच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर कोणता वाण प्रजननक्षमता परत आणतो याचा प्राथमिक अंदाज मिळतो. ही सोय पदवी स्तरावरील प्रयोगशाळेतही असते. या पट्ट्यात खाचरे बिनशेती होत असताना स्थानिक वाण मोजले जाण्यापूर्वीच नाहीसे होण्याचा संभव आहे. एकाच साच्यातील आणखी एक तक्ता सिद्ध करण्यापेक्षा हे काम अध्यापकांनी अग्रक्रमाने हाती घ्यावे, असे वाटते.